दह्याला तार का येते?

चमचा दह्यात बुडवून उचलला आणि त्याच्यासोबत लांबलचक धागा वर आला, की घरोघरी ठरलेली दोन कारणं ऐकू येतात. एक तर दूध बरोबर नव्हतं, नाहीतर विरजण लावणाऱ्याचा हात वाईट. बहुतेक वेळा दोन्ही निर्दोष असतात. भानगड असते ती दुधाच्या तापमानाची आणि विरजणाच्या वयाची.

दही लावणारे मुख्य जिवाणू दोन प्रकारचे. गोल आकाराचे स्ट्रेप्टोकोकस आधी कामाला लागतात आणि लांबट लॅक्टोबॅसिलस मागून येतात. दोघांची वाढ एकमेकांच्या आधारानं होते: गोल जिवाणूंनी सोडलेलं फॉर्मिक आम्ल लांबट्यांना लागतं, तर लांबट्यांनी दुधातली प्रथिनं तोडून काढलेली अमिनो आम्लं गोल जिवाणूंना. साधारण ४२–४३ अंशांना ही जोडी जोमात चालते. दुधाचा सामू (पीएच, आंबटपणाचं माप: जितका कमी तितकं आंबट) ६.६ च्या आसपास असतो, तो ४.६ पर्यंत उतरला की केसीन हे प्रथिन गोळा होतं आणि दही बसतं.

आता डिसेंबरमधली विदर्भातली रात्र घ्या. संध्याकाळी कोमट दुधाला विरजण लावून गंज (पातेलं) ओट्यावर ठेवला. बाहेर १०–१२ अंश, त्यामुळे दूध लवकरच २५ अंशांच्या खाली येतं. जोडी थंडावते. अशा गारव्यात काही जिवाणू साखरेचे रेणू जोडून लांब चिकट साखळ्या विणत बसतात. चमच्याला येते ती तार हीच. दुसऱ्या दिवशी त्याच दह्याचं विरजण घातलं की तार विणणारेच पुढच्या गंजात जातात, आणि महिनाभर घरात तारेचंच दही. विरजण जास्त घालून हे सुटत नाही. जुनं विरजण टाकून द्या, ज्यांचं दही कवडीदार लागतं त्यांच्याकडून वाटीभर आणा. गंज उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. दूध ४३–४५ अंशांना असताना लावा (स्वच्छ बोट बुडवून दहा आकडे मोजेपर्यंत सोसेल, इतपत गरम), लिटरला मोठा चमचाभर विरजण घाला आणि गंज पोत्यात गुंडाळून गव्हाच्या कोठीत किंवा कुटारात (भुशात) खुपसून ठेवा. तारेच्या दह्याचा वास चांगला असेल तर ते फेकू नका, घुसळून ताक करा.

मे महिन्यात सगळं उलटं होतं. अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, स्वयंपाकघर रात्रीही निवत नाही. दही तीन-चार तासांतच बसतं, पण बसल्यावर जिवाणू थांबत नाहीत. आंबटपणा वाढला की गोल जिवाणू मागे पडतात. लांबट्यांना तो सोसतो, ते आम्ल बनवतच राहतात. सकाळी दात आंबवणारं दही आणि वर पाण्याचा थर. उन्हाळ्यात लिटरला लहान अर्धा चमचा विरजण पुरे. दूध जेमतेम कोमट असू द्या आणि दही रात्री नव्हे, सकाळी लावा, म्हणजे बसल्याबरोबर हलवता येईल. फ्रिज नसेल किंवा लाईट गेली असेल तर ओल्या वाळूवर ठेवलेलं मातीचं मडकं उत्तम: भिंतीतून पाणी झिरपून उडतं, दही गार राहतं, घट्टही होतं. मात्र दोन दिवसांच्या आंबट दह्याचं विरजण कधीच नको. त्यात बहुतेक लांबटेच उरलेले असतात.

कडूपणाचं कारण वेगळं. कच्चं दूध दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग उकळलं, की ही गंमत होते. गारठ्यातही वाढणारे जिवाणू तोवर प्रथिनं कातरणारी विकरं (एन्झाइम) सोडून बसतात. उकळल्यावर जिवाणू मरतात, विकरं पूर्ण मरत नाहीत, आणि केसीनचे कडू तुकडे पडत राहतात. दूध आल्याबरोबर उकळा. उकळीनंतर मंद आचेवर ५–१० मिनिटं ठेवलं तर दुधातली इतर प्रथिनंही केसीनला चिकटतात आणि दही घट्ट बसतं. ताजं दूधच कडू लागत असेल तर जनावर कुठं चरलं ते बघा. गाजरगवत पोटात गेलं की कडूपणा दुधात उतरतो.

खवट वास सायीचा. आठवडाभर नुसती साय साठवली की चरबी फुटून ब्युटिरिक आम्ल सुटतं, लोण्याला वांतीसारखा वास येतो. पहिल्याच दिवशीच्या सायीत चमचाभर दही मिसळा, रोजची साय त्यावर घाला.

उलट, लोण्याचा तो छान गोडसर वास डायअसेटिल या रसायनाचा. बिअर बनवणारे बहुतेक बिअरमध्ये हाच वास दोष मानतात. दह्याला ताजा वास देणारं असिटाल्डिहाइडही त्यांच्याकडे कच्च्या सफरचंदाच्या वासाचं म्हणून बदनाम आहे. आपण मात्र त्याच दोन वासांवर दही चांगलं ठरवतो!

दही बसतच नसेल तर गायीला कासदाहासाठी प्रतिजैविक दिलं होतं का, ते विचारा. औषधाचा अंश विरजणातले जिवाणू मारतो. औषधाच्या पाकिटावर दूध न वापरण्याचा जो काळ छापलेला असतो, तो संपेपर्यंत ते दूध दह्यालाही नको आणि पिण्यालाही नको. कल्हई उडालेल्या पितळी गंजात दही लावू नका. आम्लात तांबं उतरतं, ते अपायकारक असतं आणि चरबीलाही ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आणतं. दह्यात बुडबुडे, भोकं आणि शेणकुटासारखा वास असेल, किंवा वर हिरवी, काळी, गुलाबी बुरशी असेल, तर वरचा थर काढून खायचा मोह टाळा. अख्खा गंज रिकामा करा.