‘वय सांगणारी टेस्ट’ मागण्याआधी

आमच्या लातूरच्या लॅबच्या काउंटरवर हल्ली एक नवा प्रश्न येतो: “वय सांगणारी टेस्ट करता का?” म्हणजे टेलोमेअरची, गुणसूत्रांच्या टोकांची, लांबी मोजणारी टेस्ट. औशाकडचे एक काका तर पावडरचा डबाच घेऊन आले. त्यावर छापलेलं, ‘टेलोमेअर वाढवा, तारुण्य टिकवा’. किंमत तुरीच्या कट्ट्याला लाजवील अशी. त्यांना जे सांगितलं तेच इथं छापतोय.

केंद्रक असलेल्या आपल्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रं असतात. प्रत्येकाला दोन टोकं, म्हणजे ९२ टेलोमेअर. बैलाच्या कासऱ्याचं टोक मोकळं सोडलं तर पीळ उसवत जातो, म्हणून जाणता माणूस ते मागं वळवून पिळातच खोचतो. टेलोमेअरही तसंच आत खोचलेलं असतं, वर प्रथिनांचं वेष्टन. पेशी विभागत जाते तसं ते झिजतं, म्हणून त्याची लांबी वयाशी जोडली जाते. ही टोकं गुणसूत्रांना कशी जपतात याच्या शोधासाठी ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टाक यांना २००९ चं नोबेल मिळालं.

इथपर्यंत डबा खरं बोलतो. पण टोक किती लांब आहे एवढ्यानं भागत नाही. ते किती आवळलेलं आहे आणि केंद्रकात कुठं आहे, हेही बघावं लागतं.

जवळजवळ दोन मीटर डीएनए एवढ्याशा केंद्रकात मावतो, कारण तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. हिस्टोनवर आणि डीएनएवर बारीक रासायनिक खुणा असतात. कुठं घट्ट आवळायचं, कुठं सैल सोडायचं हे त्या ठरवतात. डीएनएची अक्षरं तीच, आवळणं वेगळं, हेच एपिजेनेटिक्स. टोकांजवळचा भाग सहसा घट्ट असतो. उंदरांत हिस्टोनवर ती घट्ट खूण लावणारी दोन एन्झाइमं काढून टाकली, तेव्हा टेलोमेअर प्रमाणाबाहेर लांबले (२००४). ते उंदीर तरुण राहिले म्हणता? छे. अशा उंदरांत गुणसूत्रं अस्थिर होतात, कॅन्सरच्या गाठीही होतात.

आता जागेचं. पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये टोकं केंद्रकाच्या भिंतीशी घोळक्यानं असतात. सिर-२ हे प्रथिन हिस्टोनवरची सैल सोडणारी ॲसिटिल खूण पुसतं, मग सिर-३ आणि सिर-४ तिथं बसतात, आणि सिर-४ टोकाला भिंतीशी धरून ठेवायला मदत करतं. जवळची जनुकं गप्प होतात. माणसात टोकं एरवी केंद्रकभर विखुरलेली असतात. पेशी विभागल्यावर नवं केंद्रक उभं राहताना त्यांतली बरीच थोडा वेळ भिंतीला टेकतात. बीजांड किंवा शुक्राणू घडताना मात्र ती भिंतीपाशी एका बाजूला येतात, कडब्याची पेंढी बुडाशी बांधावी तशी.

काही कॅन्सरमध्ये टोकाशी ठरावीक हिस्टोन बसवणारं एटीआरएक्स प्रथिन बिघडलेलं सापडतं. अशा पेशींत टोकं केंद्रकातल्या पीएमएल नावाच्या प्रथिनांच्या ठिपक्यांत गोळा होतात आणि एकमेकांची नक्कल करून लांबतात. तेव्हा ‘टेलोमेअर वाढवा’ हे वाचून लगेच हुरळून जाऊ नका.

मग टेस्टचं काय? रक्तावर होणारी साधी लांबीची टेस्ट असंख्य पांढऱ्या पेशींची सरासरी देते. डीएनए काढायला पेशी फोडावी लागते, आणि ती फोडली की कोणतं टोक कुठं होतं हे कळायचं नाही. ते पाहायला अख्ख्या पेशीत चमकणारा रंग सोडून सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके बघावे लागतात. ते काम संशोधनाच्या प्रयोगशाळेचं, आमचं नाही. डिस्केराटोसिस कंजेनिटासारख्या, टेलोमेअर फार आखूड असणाऱ्या दुर्मिळ आजारात मात्र लांबी मोजणं खरंच उपयोगी पडतं. रक्तविकारतज्ज्ञांची चिठ्ठी असेल तर आम्ही सॅम्पल बाहेर पाठवतो. चिठ्ठीशिवाय घेत नाही, रागावू नका.

हिस्टोन-डीएनएवरच्या त्या रासायनिक खुणांपैकी मिथाइल नावाच्या खुणांचा कच्चा माल शरीर तयार करतं, त्यात फोलेट आणि बी-१२ लागतं. बी-१२ कमी निघालं तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं भरून काढा. ती टेस्ट आमच्याकडं होते. पण त्यानं टेलोमेअर सावरतात असं लिहून देणार नाही. तसं लिहिलं तर आमच्यात आणि डब्यात फरक काय?

काकांनी शेवटी साखर आणि बी-१२ तपासून घेतलं. तुमच्याकडं असा डबा असेल तर सोबत आणा, लेबल वाचून सांगू. त्याचे पैसे नाहीत. फक्त सकाळी दहानंतर या. त्याआधी उपाशीपोटीच्या सॅम्पलची रांग असते.