जुना वाडा दुरुस्त करायचा की सोडवून दुसरीकडे न्यायचा? बेळगाव भागातल्या परवानग्या आणि कागदपत्रं

बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत, शहापुरात, निपाणीत, खानापूरच्या खेड्यांत शंभरी ओलांडलेली घरं अजून उभी आहेत. वारस पुण्या-मुंबईला, एखादा भाऊ गावात, तुळईला वाळवी लागलेली. मग घरात दोन सूर निघतात. एक म्हणतो, आहे तिथंच नीट करू. दुसरा म्हणतो, खांब, तुळया, दगड सोडवून शेताकडच्या जागेत पुन्हा उभं करू. पहिल्या कामाचा रस्ता बऱ्यापैकी सरळ आहे. दुसऱ्यासाठी ‘घर हलवण्याची परवानगी’ असा एकच अर्ज भरून भागत नाही. सरकारी कागदावर ते जुनं घर पाडणं आणि दुसऱ्या जागी नवं घर बांधणं असतं. म्हणजे दोन फायली, आणि बहुतेक वेळा दोन वेगळ्या कचेऱ्या.

घर कुणाच्या हद्दीत येतं

बेळगाव शहरात महानगरपालिका, निपाणीत नगरपालिका, खानापुरात पट्टण पंचायत, खेड्यात ग्रामपंचायत. कॅम्प भागात घर असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्ड, आणि तिथला हिशेब निराळा. कॅम्पातल्या अनेक जुन्या बंगल्यांची जमीन ‘ओल्ड ग्रँट’ची असते. इमारत तुमची, जमीन सरकारची. तिथं आधी जनरल लँड रजिस्टरचा, म्हणजे कॅन्टोन्मेंटच्या जमीन नोंदवहीचा, उतारा काढून जमीन कुठल्या प्रकारात आहे ते बघा, मगच आर्किटेक्टला बोलवा.

ग्रामपंचायत हद्दीत १९९३ च्या पंचायत राज कायद्याचं कलम ६४ लागू होतं. नवं बांधणं, असलेल्यात बदल करणं किंवा भर घालणं, सगळ्याला पंचायतीची लेखी परवानगी लागते. अर्ज पीडीओकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याकडे, द्यायचा. शहराला लागून असलेली बरीच गावं नगरविकास प्राधिकरणाच्या, म्हणजे बुडाच्या, नियोजन क्षेत्रात येतात. तिथं नुसत्या पंचायतीच्या कागदावर विसंबून पाया खणू नका.

जुनं आहे म्हणून संरक्षित होत नाही

हा गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो. वय शंभर झालं म्हणून घर आपोआप वारसा वास्तू ठरत नाही. आणि आपलं घर साधं आहे म्हणून पुरातत्त्व खात्याशी संबंध नाही, असंही नाही. विचारायच्या गोष्टी तीन. वास्तू १९६१ च्या कर्नाटक पुरातत्त्व कायद्याखाली राज्य संरक्षित आहे का? नगररचना कायद्याखालच्या आराखड्यात ती वारसा इमारत किंवा वारसा परिसर म्हणून दाखवली आहे का? आणि आसपास केंद्र संरक्षित स्मारक आहे का? पहिली चौकशी राज्याच्या पुरातत्त्व, संग्रहालये व वारसा खात्याकडे, दुसरी बुडाकडे, तिसरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळाकडे.

तिसऱ्या प्रश्नावर जरा थांबायला हवं, कारण खरी अडचण तिथं येते. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत निषिद्ध क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. अंतर देवळाच्या गाभाऱ्यापासून मोजायचं नाही, संरक्षित हद्दीपासून मोजायचं. किल्ल्यातली कमल बस्ती किंवा सफा मशीद यांच्या जवळपास काम असेल, किंवा हलशी-देगावसारख्या जुन्या देवळांच्या गावात घर असेल, तर मोजणी करूनच पुढं जा.

निषिद्ध क्षेत्रात फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरण होऊ शकतं. तेही घर १६ जून १९९२ पूर्वीचं असेल किंवा नंतर रीतसर मंजुरीनं बांधलेलं असेल तर, आणि परवानगी घेऊन. पाडून तसंच पुन्हा बांधणं ही कायद्याच्या व्याख्येत दुरुस्ती नव्हे. लांबी, रुंदी, उंची तीच ठेवली तरी ती पुनर्बांधणीच. नियंत्रित क्षेत्रात बांधकाम, पुनर्बांधणी, दुरुस्ती या सगळ्यासाठी अर्ज करता येतो. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवतो, प्राधिकरण दोन महिन्यांत आपलं मत कळवतं आणि त्यानंतर महिन्याभरात परवानगी किंवा नकार द्यायचा असतो. म्हणजे कायद्याच्या मुदती पाळल्या तरी साडेतीन महिने. पावसाळ्याआधी छप्पर उघडायचं असेल तर दिवाळीच्या सुमारासच अर्ज गेलेला बरा. निषिद्ध क्षेत्रात विनापरवाना बांधकाम केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि अर्थात, बाहेरचा वाडा आणून त्या १०० मीटरांत उभा करण्याचा प्रश्नच येत नाही.

अर्ज कोण करू शकतो

मालक. आणि जुन्या वाड्याला एक मालक क्वचितच असतो. उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव असेल तर आधी वारसा नोंद. सगळ्या हिस्सेदारांची संमती नोटरी करून जोडा. बाहेरगावी असणाऱ्यांकडून मुखत्यारपत्र घ्या. बहिणींची नावं ‘नंतर बघू’ म्हणून गाळलेल्या फायली एका हरकत अर्जावर अडकतात, हे लक्षात ठेवा. भाडेकरू असेल तर तो दुरुस्तीचा अर्ज मालकाच्या नावाने करू शकत नाही, आणि त्याला बाहेर काढायला पाडकामाची परवानगी हा मार्ग नव्हे.

कागदपत्रं

शहरात: सिटी सर्व्हेचा म्हणजे सीटीएस उतारा आणि नकाशा, ई-खाता (पालिकेच्या मालमत्ता नोंदीचा ऑनलाइन उतारा), खरेदीखत किंवा वाटणीपत्र, ईसी म्हणजे बोजा दाखला (नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून मिळतो), चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती, ओळखपत्रं. खेड्यात सीटीएसऐवजी ई-स्वत्तुचे, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचे, फॉर्म. यासोबत नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरनं काढलेले नकाशे: आत्ताची अवस्था एका रंगात, बदल दुसऱ्या रंगात. भिंती मातीच्या किंवा चिऱ्याच्या असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवालही घ्या. फोटो भरपूर काढा, चारही बाजूंनी, आणि शेजाऱ्याच्या सामायिक भिंतीचे वेगळे.

आता आपल्या भागातली खास गोष्ट. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि शहापूर संस्थानी काळात सांगलीकडे. त्यामुळे घरातली जुनी खतं, वाटणीपत्रं मराठीत असतात आणि कितीतरी मोडीत. ट्रंकेतला तो पिवळा कागद ‘वाचता येत नाही’ म्हणून टाकू नका. घराचं वय आणि चतुःसीमा त्यातूनच सिद्ध होते. जाणकाराकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्या, त्याचं कन्नड भाषांतर करा, दोन्ही साक्षांकित करून मूळ कागदाच्या झेरॉक्सला जोडा. अर्ज कन्नडमध्येच भरलात तर फाईल लवकर हलते. तक्रारीचं निवेदन मात्र घटनेच्या ३५० व्या कलमानुसार केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठीतही.

दुरुस्ती म्हणजे कुठवर

कौलं फिरवणं, गिलावा, रंग, कुजलेला एखादा वासा बदलणं ही नेहमीची डागडुजी. भिंत हलवणं, माळवद काढून स्लॅब टाकणं, मजला चढवणं याला नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. माझं मत विचाराल तर जुन्या गल्लीत शक्य तितकं दुरुस्तीतच राहावं. घर एकदा पाडलं की नव्या बांधकामाचे नियम लागतात: चारी बाजूंनी सोडायची जागा, रस्तारुंदीची रेषा, पार्किंग. अठरा फुटी दर्शनी भिंत असलेल्या, शेजाऱ्याला चिकटलेल्या घराचं त्यात काय उरतं ते आर्किटेक्टकडून आधी कागदावर काढून घ्या.

हलवायचंच असेल तर

अवघड आहे, अशक्य नाही. मुधोळच्या घोरपड्यांच्या राजवाड्यातला दरबार आज मणिपालच्या हस्तशिल्प हेरिटेज व्हिलेजमध्ये उभा आहे.

क्रम उलटा ठेवा: आधी नवी जागा. ती शेतजमीन असेल तर भू-महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली बिनशेती, मग नकाशा मंजुरी, मग बांधकाम परवाना. तो हातात आल्यावरच जुन्या जागी पाडकामाचा अर्ज. नाहीतर वाडा सुटा होऊन ताडपत्रीखाली दोन पावसाळे काढतो. पाडण्यापूर्वी हेस्कॉम या वीज कंपनीकडे अर्ज देऊन वीज तोडून घ्या, नळजोडणी बंद करा. जुन्या जागेचा खाता मोकळा प्लॉट म्हणून दुरुस्त करून घ्यायला विसरू नका.

सोडवताना प्रत्येक नगाला क्रमांक. नकाशावर ‘पूर्व सोपा, खांब ३’ असेल तर खांबावर पत्र्याची तीच चकती खिळ्यानं ठोकायची, वरच्या तोंडाला, म्हणजे घासली जात नाही. खडूचे आकडे ट्रकमध्येच पुसले जातात. ही यादी मेस्त्रीच्या सोयीची आहेच, शिवाय लाकूड तुमच्याच घरातलं आहे याचा तो पुरावाही असतो. जुनं सागवान, शिसव रस्त्यावर दिसलं की वनखात्याचा नाका अडवणारच, खानापूरकडे तर नक्की. यादी, फोटो आणि पाडकामाची परवानगी दाखवून परिक्षेत्र वनाधिकाऱ्याकडून वाहतुकीचा लेखी कागद आधी घ्या. माल चंदगड, कागल, गडहिंग्लजकडे न्यायचा असेल तर राज्य बदलतं; पलीकडच्या वनखात्याला आणि तिथल्या बांधकाम परवान्याला महाराष्ट्राचे नियम.

आणखी एक. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात इमारतीतून वेगळी केलेली, किमान शंभर वर्षं जुनी वस्तूही पुरावस्तूच्या व्याख्येत येते. कोरीव दरवाजा, गणेशपट्टी, खांबांची कोरीव तोंडं यात बसू शकतात. स्वतःच्या दुसऱ्या घरात बसवणं वेगळं. विना परवाना दलालाला विकणं किंवा परदेशी पाठवणं गुन्हा ठरू शकतो. ‘भंगारात घेतो’ म्हणणारे वाडा उघडला की दुसऱ्या दिवशी दारात येतात.

खर्च आणि मुदत

परवाना शुल्क क्षेत्रफळावर आणि संस्थेवर ठरतं, त्यामुळे चलन निघाल्यावरच आकडा धरा. राहत्या घराचा बांधकाम खर्च कायद्यातल्या मर्यादेच्या वर गेला की कामगार उपकर येतो. इमारत परवाना ‘सकाल’ कायद्यात, म्हणजे ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा देण्याच्या कर्नाटकच्या कायद्यात, बसतो. अर्ज देताना १५ अंकी जीएससी क्रमांकाची (या कायद्याखाली अर्जाला मिळणारा नंबर) पोच मागूनच घ्या. मुदत उलटली तर त्या क्रमांकावर सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, आणि उशिरापोटी दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई असते. रक्कम किरकोळ आहे, पण ती अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल होते, म्हणून अपील गेलं की टेबल हलतं. त्रुटी काढली असेल तर तोंडी ऐकून परत येऊ नका, लेखी घ्या. पुढचं अपील त्या कागदावरच चालतं.