ल्युपसमध्ये ईएसआर आणि सीआरपी: आकडे शेजारी, सांगणं वेगळं

ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. त्याच्या पेशंटच्या फाईलमध्ये ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या बहुतेक वेळा एकाच पानावर सापडतात. दोन्ही दाहाच्याच तपासण्या, म्हणून एक वाढला की दुसराही वाढणार असं घरचे धरून चालतात. आमवातात बऱ्याचदा तसं होतंही. ल्युपसमध्ये मात्र ही जोडी फुटते, आणि ती कशी फुटली यावरून डॉक्टरांना बरंच कळतं.

ईएसआरची पद्धत साधी आहे. रक्त गोठू नये म्हणून त्यात द्रव्य मिसळायचं, ते उभ्या बारीक नळीत भरायचं, नळी तासभर अजिबात हलवायची नाही आणि तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचायचं. रक्तात फायब्रिनोजेन (रक्त गोठायला लागणारं प्रथिन) किंवा अँटिबॉडी वाढल्या की या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भरभर खाली बसतात. म्हणजे इथे दाह थेट मोजलाच जात नाही, त्याचा परिणाम मोजला जातो. तोच परिणाम हिमोग्लोबिन कमी असलं तरी दिसतो, गरोदरपणात दिसतो, वयाबरोबर वाढतो, किडनीतून प्रथिनं जात असली तरी दिसतो. ल्युपसमध्ये ॲनिमिया नेहमीचा आणि अँटिबॉडीही भरपूर, त्यामुळे आजार शांत असतानाही काहींचा ईएसआर चढलेलाच राहतो. एरवीही तो उतरायला आठवडे घेतो. नुसत्या ईएसआरकडे बघून घाबरणाऱ्यांना मी हेच सांगेन: आधी हिमोग्लोबिन बघा, मागचे रिपोर्ट बघा.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. जिवाणूंचा संसर्ग झाला की ते काही तासांत वाढू लागतं, साधारण दोन दिवसांत सर्वांत वर जातं आणि कारण गेलं की तितक्याच झपाट्याने उतरतं.

ल्युपस उसळला तरी हा सीआरपी बऱ्याचदा नॉर्मल किंवा थोडासाच वाढलेला असतो. याचं एक कारण असं मानलं जातं की ल्युपसमध्ये वाढलेलं इंटरफेरॉन अल्फा हे प्रतिकारशक्तीचं रसायन यकृताला सीआरपी बनवू देत नाही. याचा खरा उपयोग ताप आल्यावर होतो. स्टेरॉइड, मायकोफेनोलेट अशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या मुलीला ताप भरला, तर तो ल्युपसचा की संसर्गाचा? उपचार जवळजवळ उलटे आहेत. एकात स्टेरॉइड वाढवावं लागतं, दुसऱ्यात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं काही दिवस थांबवावी लागू शकतात. ईएसआर तासाला 90 मिलिमीटर आणि सीआरपी 6 मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर संशय ल्युपसकडे झुकतो. सीआरपी 120 असेल तर आधी संसर्ग शोधतात: लघवी, छाती, रक्ताचं कल्चर, आणि आपल्याकडे टीबीसुद्धा. म्हणून ताप आल्यावर घरच्या घरी स्टेरॉइडची गोळी वाढवणं फार धोक्याचं आहे.

या नियमाला अपवाद आहेत. फुफ्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणाला सूज आली, सांधे सुजले, तर ल्युपसमुळेही सीआरपी चढतो. उलट डेंग्यूसारख्या विषाणूच्या तापात तो फारसा न चढण्याची शक्यता असते. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी डेंग्यूतही उतरतात, ल्युपसमध्येही. पावसाळ्यात सीआरपी कमी आला म्हणून डेंग्यूची तपासणी टाळू नये.

रिपोर्ट वाचताना एकक जरूर बघा. एका लॅबचा 1.2 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे दुसरीचा 12 मिलिग्रॅम प्रति लिटर. लॅब बदलल्यावर आकडा दहापट झालेला दिसतो आणि घरात उगाच रडारड होते.

ल्युपसची तीव्रता मोजायला डॉक्टर वापरतात त्या स्लेडाय गुणपद्धतीत ईएसआरही नाही आणि सीआरपीही नाही. तिथे सी3, सी4 (रक्तातली प्रतिकारशक्तीची प्रथिनं), डीएनएविरोधी अँटिबॉडी, लघवीतली प्रथिनं आणि लक्षणं धरली जातात. किडनीला ल्युपस लागला तरी सीआरपी गप्प राहू शकतो, दुखत तर काहीच नसतं. लघवीला फेस येत असेल, पाय किंवा डोळ्यांभोवती सूज असेल, तर दोन्ही आकडे चांगले असले तरी लघवीची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या.