ज्वालामुखीवर जाण्याआधी बुडबुड्यांचा हिशोब

बालीच्या सहलींच्या जाहिराती हल्ली संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत सगळीकडे दिसतात. त्यातल्याच एका पत्रकात पहाटे ज्वालामुखी चढायला जाणाऱ्यांसाठी सूचना होती: बूट चांगले घाला, जॅकेट घ्या, लाव्हाच्या जवळ जाऊ नका. पहिल्या दोन ठीक आहेत. तिसरी वाचून मात्र राहवलं नाही. लाव्हा दिसतो, त्याची धग लागते आणि बहुतेक वेळा त्याच्या पुढे चालत निघून जाता येतं. खरी भीती आहे ती वायूची, वाफेची आणि वरून पडणाऱ्या दगडांची. या तिन्हींचं मूळ बहुधा एकच, बुडबुडा.

हा बुडबुडा बघायला बालीला जायची गरज नाही. वेरूळला गेलात की क्षणभर मूर्ती सोडून नुसत्या खडकाकडे पाहा. कुठे घट्ट काळा पाषाण, तर कुठे बारीक भोकंच भोकं, आणि काही भोकांत पांढरे स्फटिक. विहीर खणणारे या भोकाळ थराला मांजऱ्या म्हणतात. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. प्रत्येक थरातला वायू वर चढत राहिला आणि पृष्ठभाग थिजला तेव्हा तिथेच अडकला. म्हणून भोकं बहुधा थराच्या माथ्याकडे जास्त सापडतात. आतले स्फटिक पुढे झिरपणाऱ्या पाण्याने भरले.

आता हाच वायू जमिनीखाली असताना काय करतो ते पाहू. शिलारसात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, पाणी विरघळलेलं असतं. किती विरघळेल हे दाबावर ठरतं, आणि तेही सरळ प्रमाणात नाही, तर ढोबळमानाने दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. (पाण्याचा रेणू शिलारसातल्या ऑक्सिजनशी जोडला जाऊन दोन हायड्रॉक्सिल गटांत, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या दोन जोड्यांत, वाटला जातो, म्हणून वर्गमूळ.) जवळपास 4 किलोमीटर खोलीवर बेसाल्टी (ज्याचा आपल्याकडचा काळा पाषाण होतो तशा) शिलारसात वजनाच्या सुमारे 3 टक्के पाणी मावतं. 1 किलोमीटरवर त्याच्या निम्मंच. पृष्ठभागावर कसंबसं 0.1 टक्का. म्हणजे शिलारस वर येतो तसं पाणी बाहेर पडणारच, आणि सगळ्यात जास्त गडबड अगदी शेवटच्या टप्प्यात होणार. 3 टक्के पाणी असलेल्या एक घनमीटर शिलारसातलं सगळं पाणी 1100 अंश सेल्सिअसला, हवेच्या साध्या दाबाखाली मोकळं झालं, तर त्याची सुमारे 500 घनमीटर वाफ होते. हा गुणाकार एकदा मनात बसला की स्फोट का होतो ते वेगळं सांगावं लागत नाही.

शिलारस पातळ असेल तर बुडबुडे एकमेकांत मिसळत वर येतात आणि विवराच्या तोंडाशी फुटतात. वानुआतू देशातल्या तान्ना बेटावरचा यासूर ज्वालामुखी याच जातीचा. 1774 मध्ये कॅप्टन कुकला त्याचा उजेड समुद्रावरून दिसला होता आणि आजही तो थोड्या थोड्या वेळाने उडतो. शिलारस चिकट असेल तर बुडबुड्यांना सुटकाच नसते. ते आतच फुगतात आणि अख्ख्या शिलारसाचा भुगा होऊन राखेचे तप्त लोट उतारावरून धावतात. त्यांच्यापुढे पळून वाचणं अशक्यच समजा.

यासूरसारख्या ठिकाणी दगडांचं गणित शाळेतलंच आहे. सेकंदाला 50 मीटर वेगाने सरळ वर उडालेला दगड, हवेचा विरोध सोडून दिला तर, सुमारे 10 सेकंदांनी खाली येतो. तेवढ्या वेळात पाठ फिरवून पळू नये. तोंड विवराकडे, नजर वर, दगड कुठे येतोय ते पाहायचं आणि बाजूला व्हायचं. हेल्मेट हवंच.

वाफेचा स्फोट मात्र सूचना देईलच असं नाही. तिथे शिलारस वर यावाच लागत नाही. खडकात मुरलेलं पाणी तापून एकदम वाफ झालं की पुरे. सुमात्रा बेटावरच्या मारापीने 3 डिसेंबर 2023 रोजी अचानक राख उधळली आणि 24 गिर्यारोहकांचा जीव गेला. तेव्हा धोक्याची पातळी चारांपैकी दुसरीच होती आणि विवरापासून 3 किलोमीटरच्या आत जाऊ नका असा इशाराही होता. पातळी कमी म्हणजे धोका नाही, असं समजून चढू नये. पातळीसोबत दिलेलं अंतर वाचायचं आणि पाळायचं, वाटाड्या काहीही म्हणो.

कार्बन डायऑक्साइडचं आपल्याकडे वेगळं सांगायला नको. जुन्या आडात उतरण्याआधी कंदील सोडून बघायची रीत होती ती उगाच नाही. हवेहून दीडपट जड असलेला हा वायू ज्वालामुखीजवळच्या खोलगट जागांतही तसाच साचतो. जावा बेटावरच्या दिएंग पठारावर 1979 मध्ये त्याने 140 हून अधिक माणसं घेतली. म्हणून वारा पडला असेल तर खोलात उतरू नये, खाली बसू नये. गंधकाचा वायू निदान नाकाला झोंबतो तरी. दमेकऱ्यांनी त्याच्या वाटेलाच जाऊ नये. एन-95 मास्क राख अडवतो, वायू नाही.

जाता जाता एक. हिंगोलीकडे जमिनीतून गूढ आवाज आले, की 'आता इथे ज्वालामुखी फुटणार' असे संदेश फिरू लागतात. 10 जुलै 2024 ला तिथे 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हाही लोक धास्तावले. अहो, इथला शिलारस थंड होऊन कोट्यवधी वर्षं झाली. भूकंपाला घाबरा, घर पक्कं बांधा, पण लाव्हाच्या नावाने शांती करून पैसे घालवू नका. भारतातला एकमेव जिवंत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे आणि तोही बोटीतूनच पाहायचा असतो.

राहता राहिलं तिकीट. राख म्हणजे काचेचा चुरा. जेट इंजिनाच्या उष्णतेत ती वितळते आणि आतल्या पात्यांवर थिजते. 1982 मध्ये जावातल्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या एका विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती. ती पुन्हा सुरू झाली म्हणून प्रवासी वाचले. तेव्हापासून वैमानिक धोका पत्करत नाहीत. जून 2025 मध्ये दिल्लीहून बालीला निघालेलं विमान अशाच उद्रेकामुळे अर्ध्या वाटेतून परत आलं. तेव्हा परतीच्या तारखेनंतर लगेच लग्न किंवा परीक्षा ठेवू नका, दोन दिवस मोकळे असू द्या. आणि विमा काढताना ज्वालामुखीमुळे रद्द झालेलं उड्डाण त्यात धरलंय का, ते बारीक अक्षरांत शोधा.