उपशामक सेवा आणि सार्वजनिक आरोग्य धोरण

उपशामक सेवा म्हणजेच पॅलिएटिव्ह केअर. गंभीर आजारातील वेदना, धाप आणि मानसिक त्रास हलका करणारी ही सेवा दानधर्मावर न सोडता शासनाच्या धोरणात व प्राथमिक आरोग्यसेवेत आणावी, यासाठीचा आंतरराष्ट्रीय पाठपुरावा येथे अभिप्रेत आहे.

त्याचा आरंभ कोठे धरावा याविषयी मतभेद आहेत. ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांचे लंडनमधील सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातील रुग्णांचे शुश्रूषागृह (१९६७), हा प्रारंभ बहुधा सांगितला जातो. परंतु त्यातून शुश्रूषेचा आदर्श मिळाला, धोरण नव्हे. काहीजण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-वेदनाविषयक पुस्तिकेपासून (१९८६) सुरुवात मानतात. तीत औषधांच्या तीन पायऱ्या आहेत : पॅरासिटामॉलसारखी साधी वेदनाशामके, मग कोडीनसारखे सौम्य अफूजन्य औषध, मग अफूपासूनच मिळणारे तीव्र मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडावाटे आणि ठरल्या वेळी द्यायचे, दुखणे उसळण्याची वाट पाहायची नाही. तिचा भर मुख्यतः उपचारपद्धतीवर असल्याने, संघटनेच्या तज्ज्ञ समितीचा १९९० चा अहवाल हा आरंभ अधिक सयुक्तिक वाटतो. पुढे धोरण, औषध-उपलब्धता, प्रशिक्षण व अंमलबजावणी ही चौकट रूढ झाली. मे २०१४ मध्ये संघटनेच्या सदस्य देशांच्या जागतिक आरोग्य सभेने स्वतंत्र ठराव केला. प्राथमिक आरोग्यसेवेविषयीच्या २०१८ च्या अस्ताना जाहीरनाम्यातही या सेवेचा उल्लेख आला. गरजूंपैकी सुमारे १४ टक्क्यांनाच ही सेवा मिळते, असा संघटनेचा अंदाज आहे.

भारतात मोठी अडचण कायद्याची होती. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील कडक शिक्षा आणि परवान्यांचा गुंता यांमुळे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच टाळले. १९९७ मध्ये देशातील मॉर्फिनचा वापर सुमारे १८ किलोग्रॅमवर आला. मध्य प्रदेशातील नीमचच्या सरकारी कारखान्यात अफूवर प्रक्रिया होत असताना ही स्थिती होती, हे नोंदवण्याजोगे आहे. २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक अमली औषधांसाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना एकाच मंजुरीची वाट मोकळी केली. उपशामक सेवेचे राज्य धोरण केरळने २००८ मध्ये, महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वीकारले.

नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (बोलीत ‘मेडिकल’) आणि राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय येथे विदर्भाबरोबरच मध्य प्रदेशातील छिंदवाडा, बालाघाटकडील रुग्णही येतात. खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या) सवयीमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ; त्यांना चिघळलेली जखम, दुर्गंधी आणि गिळण्याची अडचण वेदनेइतकीच छळते. ‘स्नेहांचल’ ही संस्था अखेरच्या टप्प्यातील कर्करुग्णांची शुश्रूषा करते. गावी परतलेल्याचे ड्रेसिंग घरचे माणूस शिकून करू शकते. मॉर्फिनच्या गोळ्या मात्र मान्यताप्राप्त संस्थेतून किंवा परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्याव्या लागतात.