रिम वाढली, गादी आटली

भाच्याने गेल्या दिवाळीत जुनी हॅचबॅक घेतली. आधीच्या मालकाने तिला सतरा इंची मॅगव्हील, म्हणजे मिश्रधातूची (अलॉय) चाकं, बसवून ठेवली होती, काळी कुळकुळीत आणि कडेला लाल रेघ. उभी असली की गाडी झकास दिसायची. पहिल्याच फेरीला कोथरूडहून हडपसरला गेलो, तेव्हा मागच्या सीटवरून ताई म्हणाली, "अरे, गाडी रस्त्यावरून चाललीय की रुळांमधल्या खडीवरून?" महिनाभरात पुढच्या डाव्या टायरला लिंबाएवढा फुगा आला.

भाच्याचं म्हणणं, सस्पेन्शन गेलंय. मी खाली वाकलो आणि रिमची खालची कड आणि रस्ता यांच्यामध्ये हात आडवा धरला. चार बोटं बसली, अंगठा काही जाईना. कंपनीने या गाडीला दिलेल्या पंधरा इंची चाकात अंगठ्यासकट अख्खा पंजा बसतो. भानगड सगळी त्या एका बोटात होती.

टायरवरचे आकडे बघा. मूळचा टायर १८५/६५ आर १५. यातले १८५ म्हणजे मिलीमीटरमधली रुंदी. ६५ हे मिलीमीटर नव्हेत, रुंदीचे टक्के आहेत: टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १२० मिमी. 'आर' म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या बांधणीचा प्रकार, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. रुंदी मिलीमीटरमध्ये, उंची टक्क्यांत आणि रिम इंचात, असा तीन तऱ्हांचा हिशेब एकाच ओळीत कोंबायचं कुणाच्या डोक्यात आलं देव जाणे, पण जगभर तोच चालतो. रिमचे ३८१ मिमी आणि वरखालच्या दोन भिंती मिळून चाकाचा एकूण व्यास होतो सुमारे ६२२ मिमी.

भाच्याच्या गाडीला होते २०५/४५ आर १७. व्यास ६१६ मिमी, जवळपास तेवढाच. तो तेवढाच ठेवावा लागतो, नाहीतर स्पीडोमीटर चुकतं आणि टायर आर्चला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या कमानीला, घासतो. पण व्यास तोच ठेवून रिम दोन इंचांनी वाढवली, तर ती जागा येणार कुठून? भिंतीतून. १२० मिमीची भिंत झाली ९२. चाक मोठं झालंच नाही. फक्त त्यातली धातूची वाटणी वाढली आणि रबर-हवेची आटली.

ही हवा मुळात आरामासाठीच चाकात आली. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची नळी गुंडाळली, ती भरीव रबरी चाकांवर पोराला बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून. त्याच्या चार दशकं आधी रॉबर्ट थॉमसनने घोडागाडीसाठी हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण ते चाललं नाही.

आता भाच्याच्या सस्पेन्शनचा मुद्दा. गाडीत हादरा झेलणाऱ्या स्प्रिंगा दोन, एकीखाली एक. वरची सस्पेन्शनची, खालची म्हणजे टायर. टायर हा सस्पेन्शनच्या स्प्रिंगपेक्षा ढोबळमानाने आठ-दहा पट ताठ असतो. त्यामुळे नीट बांधलेल्या गतिरोधकावरून सावकाश जाताना बहुतेक काम वरची स्प्रिंग करते आणि तिथे पंधरा काय, सतरा काय, फारसा फरक कळत नाही. म्हणूनच दुकानाच्या आसपास एक चक्कर मारून लोक म्हणतात, "छान चालतेय की!"

खरी परीक्षा बारीक, धारदार गोष्टींवर होते: पेव्हर ब्लॉकची फट, डांबराचं ठिगळ, ड्रेनेजचं वर आलेलं झाकण. असा धक्का काही मिलीसेकंदांत येतो आणि जातो. वरच्या स्प्रिंगला हलायचं तर आधी अख्खं चाक, ते ज्यावर बसतं तो हब, ब्रेक हे सगळं वर उचललं जायला हवं, आणि तेवढा वेळच नसतो. तो धक्का टायरच्या भिंतीने जागच्या जागी गिळायचा असतो. भिंत बुटकी आणि ताठ असेल तर तो न गिळता पुढे पाठवला जातो.

काँक्रीटच्या रस्त्यावर साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो. ताशी १०० किलोमीटरने गेलात तर सेकंदाला सहा सांधे येतात. बसलेल्या माणसाचं शरीर सेकंदाला चार ते आठ या गतीच्या वरखाली हलण्यालाच सगळ्यात जास्त वैतागतं. त्यात त्या टक-टकवर भिंत बुटकी!

दुसरा भाग वजनाचा. स्प्रिंगच्या खाली लटकणारं वजन जितकं जास्त, तितकं चाक धक्क्यानंतर रस्त्याला चिकटायला उशीर लावतं. गमबूट घालून पळून बघा, म्हणजे कळेल. आम्ही बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्यावर टायरसकट दोन्ही चाकं लटकवली. पंधरा इंची लोखंडी स्टेपनी भरली साधारण सोळा किलो आणि सतरा इंची मॅग साडेएकोणीस. 'अलॉय म्हणजे हलकं' हे एकाच मापाच्या चाकांत बहुधा खरं असतं. माप वाढवलं की साधं ओतीव अलॉय तो फायदा खाऊन टाकतं. फोर्ज केलेलं, म्हणजे ओतण्याऐवजी दाबून घडवलेलं, हलकं मिळतं, पण त्याची किंमत ऐकून भाचा गप्प झाला.

आणि तो फुगा? खड्ड्याच्या कडेवर चाक आपटलं की भिंत दबून रिमची कड आणि रस्ता यांच्यात अडकित्त्यातल्या सुपारीसारखी सापडते. आतले पॉलिस्टरचे धागे तुटतात. वरचं रबर शाबूत राहतं, पण आता हवेला अडवणारं त्याच्यामागे काही नसतं, म्हणून ते फुगतं. त्याला पॅच नाही. टायर बदलायचा, तोही आजच. पंक्चरवाला "चालेल अजून चारपाच महिने" म्हणाला तरी.

मोठी चाकं सोयीची नसतातच असं मात्र नाही. बैलगाडीचं चाक आठवा. दीड मीटर व्यासाचं चाक एक फूट रुंद खड्ड्यात जेमतेम दीड सेंटिमीटर उतरतं. आपल्या हॅचबॅकचं जवळजवळ चार. मध्यम आकाराच्या बऱ्याच एसयूव्हींना २१५/६० आर १७ टायर असतात. रिम सतराच, पण भिंत १२९ मिमी आणि व्यास ६९० मिमी. तिथे सतरा इंच खुशाल चालतात, कारण रिमबरोबर टायरही वाढलेला आहे. 'किती इंची?' हा प्रश्नच अपुरा आहे. भिंत किती उरते ते विचारा.

हॅचबॅकला आर्चमध्ये एवढी जागा नसते, म्हणून वाटा दोनच. पहिली वाट रिम न बदलता टायर वाढवण्याची. १९५/६५ आर १५ घेतला तर भिंत १२७ मिमी होते, व्यास दोन टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०२ ने धावत असेल, एवढंच. मला विचाराल तर हीच वाट. फोटोत मात्र फरक दिसत नाही, म्हणून भाच्याने ती ऐकूनही घेतली नाही.

दुसरी वाट एकच इंच वाढवायची, आणि तेही कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलेल्या मापापुरतं. इथे ते १९५/५५ आर १६ होतं: भिंत १०७, व्यास ६२१. या मापाला सस्पेन्शन जुळवून बघण्याचं काम कंपनीने आधीच केलेलं असतं. नट-बोल्टचं वर्तुळ आणि ऑफसेटही (चाक हबवर किती आत-बाहेर बसतं ते माप) तोच घ्यायचा. ऑफसेट चुकला तर स्टिअरिंग खेचतं आणि बेअरिंगवर नको तो भार येतो.

मापापुढचा आकडाही बघावा. मूळच्या टायरवर ८८ असतं, म्हणजे एका टायरने ५६० किलो पेलायचे. २०५/४५ आर १७ साध्या बांधणीत ८४ चा येतो, म्हणजे ५००. त्याच मापात 'एक्सएल', म्हणजे जादा भाराच्या बांधणीचा, घेतला तर ८८ मिळतं, पण तेवढं वजन पेलायला त्यात हवा जास्त भरावी लागते, आणि जास्त हवा म्हणजे आणखी ताठ टायर. उलट आरामासाठी हवा कमी करणं ही त्याहून वाईट युक्ती. बुटक्या टायरमध्ये हवा कमी ठेवली की अडकित्ता आणखी लवकर मिटतो.

भाच्याने शेवटी वरच्या व्हेरियंटची सोळा इंची चाकं मिळवली, लाल रेघेविना. काट्यावर टांगली तर एक चाक भरलं साडेसतरा किलो. रिमखाली आता अंगठा कसाबसा शिरतो. ताईला घेऊन परवा पुन्हा हडपसरला गेलो, ती स्वारगेटपासून झोपली.