डिजिटल मार्गदर्शन, मुलांचे

डिजिटल मार्गदर्शन, मुलांचे : संगणक, मोबाइल आणि इंटरनेट समजून-उमजून वापरता यावेत, यासाठी दूर असलेल्या जाणत्या व्यक्तीने ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या आधारे मुलांना ठरावीक दिवशी दिलेली सोबत. शिकवणीत शिक्षक धडा पुढे नेतो. येथे धडा पडद्यावर असतो आणि मार्गदर्शक मूल कोठे अडले एवढेच पाहतो.

या पद्धतीच्या इतिहासात सातारा जिल्ह्यातील फलटणचा उल्लेख अपरिहार्य आहे. शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांनी १९९९ मध्ये दिल्लीतील कालकाजी येथे एका भिंतीत संगणक बसवून तो झोपडवस्तीतील मुलांसाठी खुला ठेवला आणि मुले एकमेकांच्या साहाय्याने तो चालवू लागतात, असे निरीक्षण मांडले. या प्रयोगावर टीकाही झाली : देखरेखीविना ठेवलेल्या संगणकावर खेळांचेच प्राबल्य राहते, असे मार्क वॉर्शॉर यांच्यासारख्या अभ्यासकांनी नोंदवले. मोठी मुले लहानांना माउस मिळू देत नाहीत, हे तर घरोघरी दिसते. पुढे २००९ च्या सुमारास सुगत मित्रा यांनी ब्रिटनमधील स्वयंसेवकांना स्काइपवरून भारतीय मुलांशी जोडले. ‘ग्रॅनी क्लाउड’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या गटात सगळ्याच आज्या नव्हत्या. आजीसारखे कौतुकाने ‘हे कसं जमवलंस गं?’ असे विचारत राहणे, एवढेच त्यांचे काम होते. मित्रा यांना मिळालेल्या २०१३ च्या टेड या अमेरिकन व्याख्यानसंस्थेच्या पुरस्काराच्या निधीतून मुलांनी स्वतः शिकण्याच्या भारतात पाच व इंग्लंडमध्ये दोन प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. त्यांपैकी एक फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत होती. मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी उभारलेली ही संस्था मातृभाषेतून वाचन-लेखन पक्के करण्यासाठी आधीपासूनच ओळखली जात होती.

प्रत्यक्ष सत्र कसे चालते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. स्क्रॅच ही मुलांसाठीची ठोकळ्यांची प्रोग्रॅमिंग भाषा अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये खुली केली. तीत ‘पुढे जा, ९० अंश वळ’ या दोन सूचना चार वेळा दिल्या की चौरस उमटतो. त्रिकोण काढताना मात्र बहुतेक मुले ६० अंश लिहितात, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हे त्यांनी भूमितीत पाठ केलेले असते. आकृती मिटत नाही, षट्कोनाचा अर्धा भाग तेवढा पडद्यावर येतो. अशा वेळी शेजारी बसलेला मोठा माणूस पटकन माउस घेऊन १२० लिहून टाकतो. ऑनलाइन मार्गदर्शकाचा हात तेथे पोचत नाही, आणि हीच या पद्धतीची मोठी जमेची बाजू म्हटली पाहिजे. तो मुलीला अंगणात खडूने त्रिकोण काढून त्यावरून चालायला सांगतो. कोपऱ्यावर आल्यावर आपल्याला त्रिकोणाच्या आतल्या कोनाएवढे वळावे लागत नाही, आधीची दिशा सोडून बरेच जास्त वळावे लागते, हे तिच्या पायांना कळते आणि ती आकडा स्वतः बदलते.

तरीही दुरून सगळे भागत नाही. केबल जोडणारी, आवाज येत नसेल तर सांगणारी आणि भांडणे सोडवणारी एक ताई किंवा बाई खोलीत लागतेच. माण-खटावकडील अनेक घरांत मोबाइल दिवसभर वडिलांबरोबर रानात असतो, त्यामुळे सत्र दिवेलागणीनंतर ठेवावे लागते; पाटण आणि जावळीच्या डोंगरी वाड्यांत रेंजचा प्रश्न येतो, तेथे व्हिडिओ बंद करून केवळ आवाजावर काम भागवतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या शासकीय व्यासपीठावरील साहित्य बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडवरून उघडते. रेंज असेल तेथे ते आधी उतरवून ठेवण्याची सवय उपयोगी पडते.

मराठी टंकलेखनाकडे मात्र अशा कार्यक्रमांत फारसे लक्ष दिले जात नाही, ही उणीव गंभीर आहे. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळफलकात स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने बहुतांशी उजवीकडे असतात. ज, हलन्त आणि ञ या क्रमाने कळा दाबल्या की ‘ज्ञ’ तयार होतो, हे पाहिलेल्या मुलाला जोडाक्षराची फोड वेगळी शिकवावी लागत नाही.

सुरक्षिततेच्या दृष्टीने सत्र एकांतात न घेता गटात घेतात आणि मार्गदर्शकाला मुलाचा खाजगी क्रमांक देत नाहीत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरते. १०९८ ही बालसाहाय्याची आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन मुलांना पहिल्याच सत्रात वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यायला सांगितलेली बरी.